बारावी फिजिक्स, बालभारतीचं नवीन सिलॅबसवालं पुस्तक: घ्यावं का नुसत्या गाइडवर भागतं?

मोठ्याची बारावी जुन्या सिलॅबसची आणि धाकटीची नवीन, त्यामुळे घरात दोन्ही पुस्तकं आहेत, शेजारी शेजारी ठेवून बघितलीत म्हणून लिहितेय. 2019 ला अकरावीचं बदललं, 2020 ला बारावीचं. आधी 20 धडे होते, आता 16, त्यामुळे पोरं खूश होतात की चला कमी झालं, पण कसलं काय! सर्क्युलर मोशन आणि रोटेशनल मोशन एकाच धड्यात कोंबलंय, सरफेस टेन्शनच्या जोडीला व्हिस्कॉसिटी, बर्नोली सगळं आलंय, थर्मोडायनॅमिक्सचा तर अख्खा धडाच नवीन. ग्रॅव्हिटेशन आणि इलॅस्टिसिटी मात्र अकरावीत ढकललंय.

आणि इथेच पोरं फसतात. दहावी झाली की अकरावी म्हणजे आराम, अशी आपल्याकडे पद्धतच आहे, पण एमएचटी-सीईटीला (इंजिनीअरिंग-फार्मसीची राज्याची प्रवेश परीक्षा) 20 टक्के वेटेज अकरावीला असतं आणि त्यात ग्रॅव्हिटेशन आहे. म्हणजे बारावीचं पुस्तक कितीही घोकलं तरी तो धडा त्यात सापडणारच नाही, अकरावीचं पुस्तक रद्दीत घालू नका.

पुस्तक स्वतः मला आवडलं. पहिल्याच धड्यात जत्रेतला मौत का कुआँ आहे, गाडीवाला खाली का पडत नाही याचं गणित मांडून दाखवलंय, धाकटीने ते न सांगता वाचलं (हे आमच्याकडे आश्चर्यच). गणितांची उत्तरं तिथल्या तिथे दिलीत ते बरं. पण मजकूर फार दाट आहे, एकेक डेरिव्हेशन दोनदा वाचावं लागतं, आणि नुसतं हे वाचून सीईटीचा स्पीड येणार नाही, त्याला एमसीक्यूचं वेगळं पुस्तक लागतंच. तिथे 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न असतात, थांबून विचार करायला वेळ कुठेय.

सेकंडहँड घेणार असाल तर आधी अनुक्रमणिका बघा. एका दुकानदाराने मला जुन्या सिलॅबसचं गाइड "तेच आहे हो ताई, फक्त कव्हर बदललंय" म्हणून गळ्यात मारायला बघितलं, उघडलं तर दुसराच धडा ग्रॅव्हिटेशन, तसंच परत दिलं. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे, ती मोबाइलवर उघडून दुकानातच धडे ताडून बघता येतात.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार त्या बारीक दाट छपाईचा कापला.