कीटकांसाठी घरगुती डिफ्यूझर: नळी, कमान की डबा?

कोकणात कीटकांचे मॅक्रो छायाचित्रण करू पाहणाऱ्याचे फ्लॅशवाचून फार काळ भागत नाही. माडापोफळींच्या आगरात भर दुपारीही उजेड अपुरा असतो, पावसाळ्यात सड्यावरचे, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरचे, आभाळ तासन्‌तास झाकोळलेले राहते, आणि एकास एक विशालनाला, म्हणजे कीटकाची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा, भिंगाचे छिद्र एफ/११ इतके बारीक (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग रेखीव येतो. शिवाय या विशालनाला एफ/११ चा प्रकाश सेन्सरपर्यंत एफ/२२ इतकाच पोहोचतो. फ्लॅश ही तूट भरून काढतो. पण उघडा फ्लॅश चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफटक डाग पाडतो आणि त्या डागाखालचा रंग व पोत नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

घरच्या वस्तूंतून डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा आडपडदा, बनवण्याचे प्रकार पुष्कळ असले, तरी निवड तिघांतूनच करावी लागते. चिप्सच्या उभ्या डब्याची नळी, पॉलिप्रॉपिलीनच्या दुधी फाइल-कव्हरची भिंगाच्या टोकावर वाकवलेली कमान आणि आईस्क्रीमच्या मोठ्या डब्यापासून केलेली प्रकाशपेटी हे ते तीन प्रकार होत. फ्लॅशवर रुमाल किंवा टिश्यू गुंडाळण्याचा उपाय मी तुलनेत धरलेला नाही, कारण त्याने प्रकाश घटतो, परंतु प्रकाशाच्या स्रोताचा आकार वाढत नाही.

हा आकार कीटकाच्या जागेवरून मोजायचा असतो. कीटकापासून १० सेंटिमीटरवर असलेले नळीचे ७ सेंटिमीटरचे तोंड त्याच्या दृष्टीने सुमारे ३९ अंशांचा कोन व्यापते. त्याच अंतरावरची २० सेंटिमीटर रुंदीची शीट ९० अंश व्यापते. कोन जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ आणि चकाकी पसरट. त्यामुळे कोणता कागद किती पांढरा आहे या चर्चेत नवशिके जो वेळ घालवतात, तो आधी आकार आणि अंतर ठरवण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळीचा मोठा गुण म्हणजे काटकसर. चिप्सच्या डब्याचे आतले अस्तर चकचकीत असल्याने कॅमेऱ्याच्या बिल्ट-इन फ्लॅशचा दुबळा प्रकाशही फारसा न सांडता भिंगाच्या टोकापर्यंत पोहोचतो, आणि तोंडावर ट्रेसिंग पेपरचा एक थर लावला की तुडतुड्यासारख्या तीन-चार मिलिमीटरच्या कीटकाला तेवढे पुरते, कारण त्याच्या इतके जवळ गेल्यावर ते लहान तोंडही मोठे ठरते. आंब्याच्या मोहोरात शिरताना तिची अरुंद बांधणी सोयीची पडते. रुंद कमान तिथे डहाळीला घासते आणि तुडतुडे उडून जातात. मात्र स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा फ्लॅश, असलेल्याने नळीत अडकून पडू नये.

कमानीवर मी अधिक लिहिणार आहे, कारण बहुतेकांनी शेवटी तिच्याकडेच वळावे असे मला वाटते. फ्लॅशचे डोके पुढे झुकवून त्याचा प्रकाश भिंगाच्या वर बसवलेल्या वाकलेल्या शीटवर पाडायचा आणि शीटची खालची कड भिंगाच्या तोंडापुढे थोडी उतरू द्यायची, एवढीच तिची रचना. तिचा दोषही ठरलेला आहे: एका थराच्या कमानीत फ्लॅशसमोरचा मधला भाग झगझगीत उजळतो आणि कडा मंद राहतात, म्हणजे कागदोपत्री २० सेंटिमीटरचा स्रोत प्रत्यक्षात पाच-सहा सेंटिमीटरचाच उरतो. यावर उपाय म्हणजे दोन थर आणि त्यांच्यात मोकळी जागा. फ्लॅशच्या डोक्याजवळ, पण त्याला न टेकवता, पॅकिंगमध्ये येणाऱ्या पांढऱ्या फोमचा एक तुकडा ठेवावा. तो प्रकाश आधी फाकवतो आणि मग बाहेरची शीट सर्व बाजूंनी भरून उजळते. फोम डोक्याला चिकटवला आणि पूर्ण शक्तीवर लागोपाठ फ्लॅश मारला, तर तो उष्णतेने वितळू शकतो, म्हणून अंतर राखणे आवश्यक आहे.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर मंगळसूत्रातला एखादा सुटा काळा मणी कीटकाच्या जागी टाचणीवर बसवून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते पडद्यावर पूर्ण मोठे करावे. मण्यावर डिफ्यूझरची हुबेहूब प्रतिमा उमटते. नळीचा तिथे लहान, कडक कडांचा गोल दिसतो. एका थराच्या कमानीत मध्ये जळलेला ठिपका आणि भोवती विरत जाणारे वलय दिसते. फोम घातल्यावर तो ठिपका मोडतो आणि मण्याच्या माथ्यावरून सारख्या पांढरेपणाची एक रुंद पट्टी वळत जाते. उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत नेमके हेच दिसणार असते, म्हणून ही चाचणी केल्याशिवाय कोणताही डिफ्यूझर रानात नेऊ नये.

प्रकाशपेटी सर्वांत सारखा प्रकाश देते. डब्याच्या आत पांढरा कागद, बाहेरून काळा कागद, मध्ये फोम आणि तोंडावर ट्रेसिंग पेपर अशी ती होते. आत ॲल्युमिनियम फॉइल लावल्यास प्रकाश जास्त मिळतो, पण जागोजागी तेजाचे ठिपके पडतात, त्यामुळे मी पांढरा कागदच सुचवेन. तिचे खरे महत्त्व मोठ्या कीटकांसाठी आहे. माडावरचा गेंड्या भुंगा चार-पाच सेंटिमीटरचा असतो. तो चौकटीत मावण्यासाठी मागे सरकावे लागते, भिंगाच्या टोकापासूनचे अंतर दुपटीच्या जवळ जाते आणि भिंगावर बसवलेल्या कमानीचा कोन बराच आक्रसतो. कीटक मोठा तर डिफ्यूझरही मोठा लागतो, हे सुरुवातीला उलटे वाटते. पण त्या काळ्या गुळगुळीत पाठीवर कमान तोकडी पडते. पेटी मात्र फ्लॅशसह कॅमेऱ्यापासून सोडवून, केबल किंवा ट्रिगर लावून, डाव्या हाताने भुंग्याच्या अगदी जवळ धरता येते. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ कीटक) यांना ती दाखवूच नये. अंगावर येणारी मोठी वस्तू आणि तिची सावली पाहून त्या लगेच उडतात.

प्रत्येक थराची किंमत फ्लॅशच्या शक्तीत मोजावी लागते. माझ्या वापरात एक थर साधारण एक स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश निम्मा करतो, आणि दोन थरांची पेटी दोनहून अधिक. शक्ती वाढवली की फ्लॅश पुन्हा भारित व्हायला वेळ लागतो आणि त्याच्या लखलखाटाचा कालावधीही लांबतो. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुरू झाले की गवताचे पाते सतत हलत असते. तिथे पूर्ण शक्तीच्या १/१६ किंवा त्याहून कमी शक्तीवरचा क्षणिक फ्लॅशच हालचाल गोठवतो. पूर्ण शक्तीवर मिळणारी मऊ सावली तिथे उपयोगाची नाही, कारण कीटकच अस्पष्ट येतो. कमान या हिशेबात मधोमध बसते.

यानंतर पावसाळा. ट्रेसिंग पेपर जूनच्या दमट हवेतच फुगतो, त्याला लाटा पडतात आणि प्रकाश पट्ट्यापट्ट्यांनी येऊ लागतो. पुठ्ठा मऊ पडतो, साधी चिकटपट्टी सुटते. पॉलिप्रॉपिलीन आणि फोम पाणी शोषत नाहीत, पुसले की झाले. पॉलिप्रॉपिलीनवर गोंद व हॉट ग्लू नीट धरत नाही, त्यामुळे शीट जोडताना स्टेपल, रिव्हेट किंवा शिवलेले वेल्क्रो वापरावे. पेटी पावसात न्यायचीच असेल, तर तिच्या तोंडावर कागदाऐवजी याच शीटचा तुकडा बसवावा. समुद्राजवळून परतल्यावर फ्लॅशच्या पायाचे धातूचे स्पर्शबिंदू कोरड्या कापडाने पुसणे, हे डिफ्यूझर कोणताही असला तरी चुकवू नये.

ज्याच्याकडे फक्त बिल्ट-इन फ्लॅश आहे आणि ज्याला मोहोरावरचे तुडतुडे किंवा काजूच्या कोवळ्या पालवीवरचा ढेकण्या टिपायचा आहे, त्याने नळी करावी. स्पीडलाइट असेल, तर एकास एकच्या आसपासच्या बहुतेक कामासाठी फोमची दुथरी कमान करावी आणि पावसाळ्यात तर दुसरा विचारच करू नये. गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा अशा मोठ्या, चकचकीत आणि एका जागी बसून राहणाऱ्या कीटकांवर ज्याचे मन बसले आहे, त्याने पेटी करावी. कमान आणि पेटी दोन्ही बाळगणार असाल, तर दोघींचे व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच यावा म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळणी, वेगवेगळे नोंदवून ठेवावे. दुधी प्लास्टिक उन्हाने हळूहळू पिवळसर होत जाते, आणि ही नोंद दर हंगामाच्या सुरुवातीला पांढऱ्या कागदावर पुन्हा घ्यावी लागते.