‘व्हिनलँड सागा’: पाचव्या पुस्तकापाशी फुटणारी वाट

माझ्याकडचा ‘व्हिनलँड सागा’ या जपानी चित्रकथा-मालिकेचा (अशा चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात) इंग्रजी संच आतापर्यंत चार जणांनी वाचायला नेला. पहिली चार पुस्तके चौघांनीही झपाटल्यासारखी संपवली. पाचवे मात्र दोघांनी अर्धवट वाचून परत आणून दिले. त्यांतला एक माझा भाचा. पुस्तक टेबलावर ठेवताना ‘मामा, पुढे नुसती शेतीच आहे का?’ एवढेच त्याने विचारले. उलट, मारामारीची चित्रकथा म्हणून ज्या सहकारी बाईंनी पहिले पुस्तक नाक मुरडत नेले होते, त्यांना खरी गोडी लागली ती नेमकी पाचव्यात. या मालिकेचे वाचक सगळीकडेच साधारण याच जागी दुभंगलेले आहेत, आणि पहिल्या गटाने तिला चेष्टेने ‘फार्मलँड सागा’ असे नावही ठेवून झाले आहे. हा मतभेद निव्वळ आवडीनिवडीचा आहे असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो कथा सांगण्याच्या एका जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयातून आलेला आहे आणि त्या निर्णयाचा हिशेब मांडल्याशिवाय या मालिकेचे मोल ठरवता येत नाही. (पुढे कथानकातील बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत, याची नोंद घ्यावी.)

माकोतो युकिमुरा यांनी ही मालिका 2005 मध्ये कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या एका साप्ताहिकात सुरू केली, त्याच वर्षी ती ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली आणि जुलै 2025 मध्ये, 220 प्रकरणांनंतर, संपली. मधल्या काळात तिला 2009 मध्ये जपानच्या मीडिया आर्ट्स महोत्सवाचा मांगा विभागातला सर्वोच्च पुरस्कार आणि 2012 मध्ये कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला. साप्ताहिकातून मासिकात जाण्याला मी महत्त्व देतो. आठवड्याला वीसेक पानांच्या धबडग्यात जहाजाची वल्ही, चिलखताच्या कड्या आणि बर्फात रुतलेली पावले अशी निगुतीने काढता आली नसती, आणि ज्या संथपणावरून आज भांडणे होतात तो संथपणाही कदाचित परवडला नसता.

कथा अकराव्या शतकाच्या आरंभीची आहे. आइसलँडमधला थॉरफिन हा मुलगा, त्याचा बाप थॉर्स हा एके काळचा नामांकित योद्धा आणि आता शस्त्र टाकून बसलेला गृहस्थ. अ‍ॅस्केलाड नावाचा भाडोत्री टोळीनायक कपटाने थॉर्सचा जीव घेतो, आणि बापाचा सूड घ्यायचा म्हणून थॉरफिन त्याच मारेकऱ्याच्या टोळीत राहून लहानाचा मोठा होतो. टोळीसाठी एखादी जोखमीची कामगिरी फत्ते करायची आणि बक्षीस म्हणून अ‍ॅस्केलाडशी द्वंद्व मागायचे, प्रत्येक वेळी हरायचे आणि पुन्हा कामाला लागायचे, असा हा क्रम आहे. वरवर पाहता ही नेहमीची सूडकथा वाटते. पण युकिमुरा सुरुवातीपासून एक वेगळाच डाव मांडून बसलेले आहेत, तो म्हणजे नायकाला त्याच्याच कथेत दुय्यम ठेवण्याचा. पहिल्या आठ जपानी खंडांत (म्हणजे इंग्रजी संचाच्या पहिल्या चार पुस्तकांत) थॉरफिन ओरडतो, धावतो, दोन सुऱ्यांनी माणसे कापतो; विचार मात्र करत नाही. विचार करतो तो अ‍ॅस्केलाड. बुद्धी, विनोद, कपट, इतिहासाची जाण आणि वेल्श आईविषयीची हळवी निष्ठा, सगळे त्याच्याकडे. त्यामुळे पहिल्या भागावर जीव टाकणारे बहुतेक वाचक प्रत्यक्षात अ‍ॅस्केलाडवर जीव टाकत असतात, आणि तो गेल्यावर त्यांना घर रिकामे झाल्यासारखे वाटते.

या भागातली हिंसा भडक आहे, पण सगळी एका जातीची नाही, हे नीट पाहायला हवे. लंडनच्या पुलावर थॉरकेल हा राक्षसी ताकदीचा योद्धा मोठमोठे ओंडके आणि भाले चेंडूसारखे फेकतो तेव्हा ती आतषबाजी असते. वाचक हसतो, टाळ्या वाजवतो. त्यानंतर थोड्याच प्रकरणांनी अ‍ॅस्केलाडची टोळी कडाक्याच्या थंडीत एका इंग्लिश खेड्यात शिरते, तिथला धान्यसाठा आणि ऊबदार घरे बळकावते आणि बातमी फुटू नये म्हणून गावकऱ्यांना बर्फात उभे करून कापून काढते. अ‍ॅन नावाची एक मुलगी चोरून घेतलेली अंगठी न्याहाळायला त्या रात्री घराबाहेर गेलेली असते, म्हणून तेवढी वाचते. आपण चोरी केली, आता देव शिक्षा करील या भीतीने तिचा जीव खालीवर होत असतो, आणि झाडाआडून ती पाहते ते काय, तर ज्यांना देवाचे काडीइतकेही भय नाही अशी माणसे हवे ते खुशाल घेऊन चालली आहेत. आईबाप मेल्याच्या दुःखाच्या आधी तिच्या मनात एक चमत्कारिक शहारा उठतो. हा शहारा दाखवणारी चौकट मी कितीतरी वेळा पाहिली आहे. ज्याला पुढच्या भागात लेखक एकदम उपदेशक झाला असे वाटते, त्याने हे प्रकरण पुन्हा वाचावे. प्रश्न तिथेच विचारून झालेला आहे.

इतिहासाशी केलेला खेळही दाद देण्याजोगा आहे. डेन्मार्कचा राजा स्वेन 1014 मध्ये, इंग्लंड जिंकून जेमतेम काही आठवडे झाले असताना अचानक मेला, एवढे इतिहासात आहे. युकिमुरा या ‘अचानक’च्या जागेत अ‍ॅस्केलाडची तलवार ठेवतात. आईचा देश वेल्स वाचवायचा की स्वेनचाच मुलगा असलेल्या राजपुत्र कनूटला, अशा कोंडीत सापडलेला हा माणूस भर दरबारात वेड पांघरतो, राजाचे मुंडके उडवतो आणि स्वतः कनूटच्या हातून मरण पत्करतो. सूड घेण्यासाठी अकरा वर्षे घालवलेल्या थॉरफिनच्या हाती काही म्हणजे काही उरत नाही. एवढ्या लांबलचक भागाला लेखक ‘प्रस्तावना’ म्हणतो. मला वाटते, अर्धे भांडण या एका शब्दाने मिटायला हरकत नव्हती.

त्यानंतर येते ते गुलामगिरीचे पर्व. थॉरफिन डेन्मार्कमधल्या केटिल या जमीनदाराकडे विकला गेला आहे, डोळे मेलेले आहेत, आणि एइनार या दुसऱ्या गुलामाबरोबर त्याला जंगल तोडून शेत करायचे आहे. गव्हाच्या उत्पन्नातून स्वतःची किंमत फेडली की सुटका. पुढची कित्येक पाने झाडे पाडणे, बुंधे उपटणे, घोड्यासाठी म्हाताऱ्या स्वेरकेलकडे रदबदली करणे आणि नांगरट यांतच जातात. भाच्याला कंटाळा आला तो इथे, आणि त्याला मी दोष देत नाही, कारण त्याने शेत पाहिले आहे ते गाडीच्या काचेतून. आमच्या माळावरच्या बाभळीचा एक खुंट काढायला दोन गड्यांचा अख्खा दिवस जाई. चहूबाजूंनी खणून, मुळ्या तोडून, पहारीखाली दगड देऊन रेटा लावावा, आणि तरी खालचे सोटमूळ दाद देत नसे. युकिमुरांनी काढलेला बुंधा तसाच हट्टी आहे. दोघे जण कपाळावरचा घाम पुसत त्याच्याकडे पाहत बसले आहेत, ही चौकट काढणाऱ्याने मातीचे काम जवळून न्याहाळले असले पाहिजे. तो बुंधा हलतो तेव्हा मला जे वाटले ते पुलावरच्या लढाईत वाटले नव्हते.

या पर्वाचे मर्म मात्र शेतीत नाही. थॉरफिनला रोज रात्री स्वप्न पडते आणि जागे झाल्यावर ते आठवत नाही. एकदा ते पूर्ण दिसते: एका खोल खड्ड्यात मेलेले योद्धे एकमेकांना मारतच आहेत, अ‍ॅस्केलाडही तिथेच आहे, आणि थॉरफिनने मारलेली माणसे त्याच्या अंगाला लोंबकळत वर चढू पाहत आहेत. पहिल्या आठ खंडांत आपण ज्या चेहऱ्यांवरून पान उलटून पुढे गेलो, ते हे चेहरे. मारलेल्यांची मोजदाद नायकाने ठेवली नव्हती, तशी आपणही ठेवली नव्हती; लेखकाने ठेवली होती. वाचकाला असे पकडणे ही कथनातली मोठी चतुराई आहे, आणि ती साधायची तर आधीच्या हिंसेत वाचकाला रंगवावेच लागते.

कंटाळलेल्यांहून वेगळ्या अशा आणखी एका गटाचा आक्षेप नेमका इथेच येतो. आधी आठ खंड रक्ताची मेजवानी वाढायची, त्यावर खप मिळवायचा आणि मग वाचकाला ‘हे वाईट बरे का’ म्हणून सांगायचे, हा दुटप्पीपणा झाला, असे ते म्हणतात. कंटाळ्याच्या तक्रारीपेक्षा ही तक्रार मला कितीतरी वजनदार वाटते. शेतीच्या पर्वापुरते तिला उत्तर आहे. गुलाम स्त्री आर्नहेडची कहाणी इतक्या निर्दयपणे शेवटाला जाते की हिंसेतली सगळी मौज तिथे आटून जाते. आणि तिला मारणारा हात कुणा खलनायकाचा नसतो, इतके दिवस भला वाटलेल्या केटिल मालकाचा असतो. त्यानंतर थॉरफिन आता राजा झालेल्या कनूटला भेटायला जातो. राजाच्या धिप्पाड शिपायाचे शंभर ठोसे निमूट खायचे, तर भेट मिळेल. तो शंभर खातो, चेहरा ओळखू येईनासा होतो आणि मगच बापाच्या शिकवणुकीचा अर्थ, म्हणजे आपल्याला कोणी वैरीच नाही हा, त्याच्या तोंडून येतो. आणि राजाने मागणे नाकारले तर काय करशील, याचे त्याचे उत्तर ‘पळून जाईन’ असे आहे. कृतिप्रधान मांगाच्या नायकाने असे उत्तर दिलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही. काहींना ही शरणागती वाटते. मला ती संपूर्ण मालिकेतली सर्वांत धीट जागा वाटते.

थॉरकेलच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणारे बरोबर आहेत, आणि लेखकाकडे उत्तर नाही. या माणसाने मालिकेत इतर कुणाहूनही जास्त जीव घेतले असतील. तरी तो शेवटपर्यंत लाडावलेल्या पोरासारखा वावरतो. लढाईच्या कल्पनेने खुश होतो, न मिळाल्यास रुसतो, आणि त्याच्या खड्ड्यात कोण लोंबकळत आहे हे लेखक आपल्याला कधीच दाखवत नाही. पुढे बाल्टिकच्या मोहिमेत गार्म नावाचा असाच एक हसरा खुनी येतो. तिथल्या चौकटींना पुन्हा पहिल्या भागाची झिंग चढते, आणि वाचताना मलाही मजा आली हे मी लपवत नाही. पण शंभर ठोशांनंतर ती मजा हिशेबात बसत नाही. लेखणी थॉरफिनची, हात अजून थॉरकेलचा, अशी काहीशी अवस्था या मधल्या भागाची आहे.

याच भागातली हिल्ड ही शिकारी मुलगी त्याची काही अंशी भरपाई करते. थॉरफिनने पूर्वी तिच्या बापाला मारलेले असते. आडव्या धनुष्याचा बाण त्याच्यावर रोखून ती उभी राहते आणि मग, तूर्त, त्याला जगू देते, या अटीवर की तो शब्दाला जागतो की नाही हे ती जन्मभर पाहत राहील. सूडकथेच्या नायकासमोर दुसऱ्या सूडकथेची नायिका उभी करणे ही कल्पना फार वरच्या दर्जाची आहे. दुर्दैवाने पुढे लेखक तिला बराच काळ अवजारे बनवण्याच्या आणि करड्या नजरेने पाहण्याच्या कामाला लावतो, त्यामुळे तिच्या तोंडून यायला हवे होते ते बरेच प्रश्न राहून जातात.

शेवटचे व्हिनलँडचे (नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या दर्यावर्दी लोकांनी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला दिलेले हे नाव) पर्व, म्हणजे तलवार नसलेल्या वसाहतीचा प्रयत्न, वाचकांना तिसऱ्यांदा विभागते. थॉरफिन इथे जवळजवळ संत झालेला आहे. शांत नायकापुढे कथा चालवायची तर अडचण इतरांच्या पोटातून यावी लागते, आणि ती येते: तलवार आणायची नाही असे ठरलेले असताना एक जण लपवून आणतोच. इथला शेवट मी सांगणार नाही. ज्यांना विजय हवा होता ते रागावले आहेत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे नॉर्स वस्तीचे अवशेष सापडले आहेत आणि ती वस्ती टिकली नाही, हे ज्यांना ठाऊक होते ते कमी रागावले आहेत.

पुस्तकांविषयी थोडे. मी घेतलेल्या इंग्रजी आवृत्तीत प्रत्येक पुस्तकात मूळ जपानी दोन खंड आहेत. बांधणी जाड पुठ्ठ्याची, कागद भरघोस. वजनामुळे निजून वाचणे जमत नाही आणि पाने उजवीकडून डावीकडे उलटायची सवय व्हायला पहिले अर्धे पुस्तक जाते. संच आपल्याकडे स्वस्त पडत नाही. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. पंधरासोळाच्या आतल्यांना तर आर्नहेडचे प्रकरण झेपणार नाही. केवळ चाखून पाहायचे म्हणून बहुतेक जण पहिले पुस्तक घेतात, आणि त्यावरून पुढचा अंदाज हमखास चुकतो. ऐपत असेल तर चौथे आणि पाचवे एकदमच मागवावे, म्हणजे अ‍ॅस्केलाड गेल्यानंतर तो पहिला बुंधा हलेपर्यंत मध्ये खंड पडणार नाही.