बर्लिनमधलं बाटल्या गिळणारं मशीन: ५ पैकी ४ स्टार

बर्लिनला भाच्याकडे १२ दिवस राहून आले, आणि आल्यापासून जो तो विचारतोय काय काय पाहिलंस. तर ब्रांडेनबुर्ग गेट पाहिलं, भिंतीचे तुकडे पाहिले, म्युझियम आयलंडवर पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरले, त्याचे फोटो ढिगाने आहेत. रिव्ह्यू मात्र मी लिहिणारे बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या भाच्याच्या घराजवळच्या सुपरमार्केटात, अगदी मागच्या कोपऱ्यात असलेल्या रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनचा. १२ दिवसांत ४ वेळा गेले तिथे, आणि एकदा तर काही घ्यायचं नसताना.

पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली घेतली तर शेल्फवर लिहिलेल्या किमतीपेक्षा बिल जास्त. मी लगेच तयारीत, की बघ, परका माणूस दिसला की लावतात टोपी. भाचा म्हणाला, "मावशी, ते फांट आहे." मला वाटलं फँटा म्हणतोय, म्हटलं मी कुठे फँटा घेतला! फांट म्हणजे बाटलीचं डिपॉझिट. शेल्फवर किमतीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला किंवा कॅनला २५ सेंट, मग ती केवढीही असो. सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचं साधं पाणी घेतलंत तर पाणी नि बाटली जवळजवळ एकाच भावात पडतात. हा कायदा २००३ पासून आहे, आणि मधे काही वर्षं ज्यूसच्या बऱ्याच बाटल्या त्यातून सुटायच्या, त्याही २०२२ पासून आत आल्या.

इथवर सोपं आहे. पुढे गोंधळ. काचेच्या बाटल्या, ज्या धुऊन परत परत भरतात, त्यांचं डिपॉझिट उलट कमी. बिअरच्या साध्या बाटलीला ८ सेंट, पण तीच बिअर तारेच्या बुचाच्या बाटलीत असेल तर १५, पाण्याच्या काचेच्या बाटलीला १५, आणि वाइनच्या बाटलीला सहसा काहीच नाही, ती रस्त्यावरच्या काच टाकायच्या डब्यात टाकायची. त्यातही पांढरी (म्हणजे बिनरंगी) काच, तपकिरी काच आणि हिरवी काच वेगळी, आणि रविवारी टाकायची नाही कारण आवाज होतो. (निळी बाटली कुठे टाकायची हे विचारलं तर हिरव्यात, म्हणे. मी मुद्दाम विचारलं होतं.) भाच्याला हे सगळं पाढ्यासारखं पाठ. आईने इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून याला स्वतःचा टॉवेल उचलता आला नाही.

आता मशीन. भिंतीत एक गोल भोक, वर छोटा स्क्रीन, खाली आख्खा क्रेट सरकवायला वेगळी जागा. बाटली आडवी ठेवायची, तळ पुढे करून. पट्टा तिला आत ओढतो, आत ती जागच्या जागी गोल गोल फिरते, मशीन बारकोड आणि डिपॉझिटचं चिन्ह शोधतं (बाटली, कॅन आणि एक वळलेला बाण असं चिन्ह आहे, प्रत्येक लेबलवर बघायची सवयच लागते), आणि सापडलं की बाटली गडप. प्लास्टिक असेल तर एका सेकंदाने मागून कर्रर्र करून चिरडल्याचा आवाज येतो. काचेची असेल तर नुसतं टिंग टिंग करत पुढे जाते. स्क्रीनवर आकडा वाढतो. खरं सांगते, त्या आकड्याची चटक लागते.

माझी फजिती पहिल्याच फेरीत झाली. दोन पिशव्या घेऊन गेलो होतो, त्यात प्लास्टिक आणि कॅन मिळून १५, बिअरच्या ६ आणि १५ सेंटवाल्या ३. पैकी दोन प्लास्टिकच्या बाटल्या मी आदल्या रात्री व्यवस्थित चेपून, पिळून, गोळा करून ठेवल्या होत्या, कारण आयुष्यभर बाटलीवर वाचलंय की वापरल्यावर चेपून टाका, हात आपोआपच चालतो. मशीनने पहिली आत घेतली, फिरवली, विचार केला आणि परत पाठवली. दुसरीचंही तेच. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मावशी, चेपायची नसते गं!" मग त्याने रांगेसमोर उभं राहून बाटलीला तोंड लावलं आणि फुगा फुगवतात तशी फूं करून फुगवली. एक फुगली आणि मशीनने घेतलीसुद्धा. दुसरीचं लेबलच फाटलं होतं, तिचे २५ सेंट बुडाले. मागचे आजोबा, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा तिप्पट बाटल्या होत्या, ते मान हलवून हसले आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलले. भाच्याने भाषांतर करायला साफ नकार दिला.

एकूण ४ युरो ४३ सेंट. हिरवं बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची, बिलातून वजा होतात किंवा रोख मिळतात. काउंटरवरच्या बाई बसून काम करतात आणि सामान इतक्या झपाट्याने पुढे फेकतात की ती चिठ्ठी आधीच हातात काढून ठेवा, माझ्यासारखी पर्सच्या तळाशी शोधू नका.

एक स्टार का कापला ते पण सांगते. शनिवारी संध्याकाळी मशीन भरलं आणि बंद पडलं, आतून माणूस येऊन डबा बदलेपर्यंत आम्ही नऊ-दहा जण बाटल्या कवटाळून उभे. रविवारी दुकानं बंद (मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून), म्हणून शनिवारी सगळं गाव तिथेच. शिळ्या बिअरचा वास आणि चिकट फरशी हे धरूनच चाला, चप्पल नको, बूट घाला. आणि सगळीकडे सगळं घेत नाहीत. काही स्वस्तातली दुकानं काचेच्या बाटल्या विकतच नाहीत, तिथलं मशीन त्या परत ढकलतं. कोपऱ्यावरचं छोटं दुकान, ज्याला तिथे स्पेटी म्हणतात, ते फक्त आपण विकतो त्या ब्रँडच्या घेतं.

मशीनच्या बाहेरचा भाग मला जास्त लक्षात राहिलाय. संध्याकाळी आम्ही टेम्पेलहोफर फेल्डवर जायचो, जुना विमानतळ आहे, २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून लोकांना फिरायला मोकळा, तुम्ही चक्क रनवेवर चालता, पोरं स्केटिंग करतात, पतंग उडवतात, आणि जो तो हातात बाटली घेऊन गवतात बसलेला. तिथे एक काका सायकलला दोन मोठ्या पिशव्या लावून फिरत होते. आमच्याजवळ थांबले, बाटलीकडे बोट करून हळूच विचारलं, "फांट?" भाच्याच्या बाटलीत दोन घोट होते. काका म्हणाले असावेत की पी आरामात, कारण ते थोडं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले, घाई करतोय असं वाटू नये म्हणून. त्याने घाईघाईने संपवली आणि दिली. ८ सेंट. त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं की रस्त्यावरच्या नारिंगी कचरापेट्यांच्या बाजूला बाटल्या नीट उभ्या करून ठेवलेल्या असतात, आत टाकत नाहीत, म्हणजे कोणाला कचऱ्यात हात घालावा लागू नये. मला आधी वाटलं होतं हे लोक आळशी आहेत, पेटीत टाकायचेही कष्ट नकोत. तेवढे माझे शब्द परत घेते. पण म्हातारी माणसं रात्री टॉर्च मारून पेट्यांत बघताना दिसली तेही लिहिते, इतक्या श्रीमंत देशात ते बघून बरं नाही वाटलं, आणि भाच्याकडेही त्यावर काही उत्तर नव्हतं.

शेवटच्या दिवशी आमच्या वाटणीच्या बाटल्या मी मशीनला नेल्याच नाहीत, खालच्या पेटीशेजारी रांगेत मांडून आले. तासाभराने टॅक्सीत बसताना बघितलं तर गेल्या होत्या.

घरी बॅग उपसली तर एक निघालीच. अर्ध्या लिटरची, झाकण बाटलीलाच चिकटलेलं (हे नवीन, २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे, पिताना नाकात जातं). भाच्याला फोटो पाठवला तर म्हणतो पुढच्या वेळी येताना घेऊन ये. ओट्यावर उभी आहे. नवरा दोनदा चेपायला गेला, दोन्ही वेळा ओरडले.