कोंदलेला सूर: पॅड बदलावं की उचलावं?

सोलापुरात गड्ड्याची जत्रा तोंडावर आली आणि माझ्या क्लॅरिनेटचा खालचा एफ कोंदला. त्याच बोटांवर रजिस्टरची चावी (सूर वरच्या पट्टीत नेणारी) दाबली की येणारा वरचा सी-सुद्धा तसाच, तोंडावर फडकं धरून बोलल्यासारखा. (बासरी जोरात फुंकली की सप्तक चढते, क्लॅरिनेट सप्तक आणि वर पंचम. म्हणून एफची जोडी सीशी.) कारागिराने तीन पॅडं (चावीखालच्या, भोक मिटवणाऱ्या मऊ गाद्या) बदलली, पैसे घेतले. सूर होता तिथेच. गळतच नव्हतं काही. एक पॅड भोकापासून पुरेसं उठत नव्हतं, एवढंच.

गळणारं पॅड आणि कमी उघडणारं पॅड ऐकणाऱ्याला सारखीच वाटतात, पण दोघांचं औषध उलटं आहे. पॅड गळत असेल तर त्या भोकापासून खालचे, म्हणजे ते भोक मिटूनच वाजणारे, सगळे सूर लंगडतात. चावी जरा जोरात दाबली की आवाज सुधारतो, मध्येच चिरकतो. कमी उघडणाऱ्या पॅडमुळे मात्र एकच सूर आणि त्याचा वरचा जोडीदार मार खातो, किंचित उतरतोही. खालचे सूर ठणठणीत. दाबून काही फरक पडत नाही, कारण चोर बोटाखाली नसतोच. तो पुढच्या पहिल्या उघड्या भोकावर असतो. एफ कोंदला तर ई-चं पॅड बघायचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन पॅडांचे पैसे वाचले असते.

खात्रीसाठी सिगारेट वळायचा पातळ कागद घ्या. सोलापूर विड्यांचं गाव, पण तेंदूपानाने हे काम होत नाही! चार-पाच मिलिमीटरची पट्टी पॅड आणि भोकाच्या काठामध्ये ठेवा, चावी हलकेच मिटा, पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली तर पॅड शाबूत. एका बाजूने सुटून आली तर तिथे गळती.

गळणारं एखादं पॅड घरी बदलता येतं: जुनं काढायचं, तेवढ्याच जाडीचं नवं लाखेवर बसवायचं. जाडी चुकली की ते पुढून टेकतं आणि मागून गळतं, किंवा उलट. उंचीचं काम दिसायला त्याहून सोपं. चावीला अडवणारा कॉर्क पॉलिश पेपरने थोडा घासला की पॅड वर उठतं. पण ई आणि एफच्या चाव्यांना घरी हात लावू नका. ई-ची चावी दाबली की दोन्ही पॅडं एकदमच बसायला हवीत. एकाच बाजूचा कॉर्क घासलात तर एफ मोकळा होईल आणि खालचा ई बोलायचा बंद होईल. एकटी, कुणाशी न जोडलेली चावी असेल तर खुशाल घासा, दर दोन घासण्यांनंतर वाजवून बघत. फार उचललंत तर सूर चढतो.

गळ्यातल्या, म्हणजे खालच्या पट्टीच्या वरच्या टोकाच्या, बी फ्लॅटवर मात्र पैसे घालू नका. तो जन्मजात दबका आहे. रजिस्टरची बारीक नळी तिथे सुराचं भोक म्हणूनही राबते आणि एवढ्या अरुंद वाटेतून खुला सूर निघणार कसा? उजव्या हाताची दोन-तीन बोटं खालच्या भोकांवर ठेवून बघा, आवाज भरतो. नेहमीपेक्षा जास्तच दबला असेल तर नळीत कचरा आहे. आपल्याकडे वाद्य पुसायलाही घरचा टर्किश टॉवेलच कापतात. त्याचे धागे नेमके त्या नळीत अडकतात. साधं जुनं धोतर बरं.

मग पुण्याच्या कारागिराकडे कधी जायचं? चार-पाच पॅडं एकदम गळत असतील किंवा लाकडाला चीर दिसत असेल (आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकडी वाद्याला ते होतं), तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट वसूल होतं. सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण वाद्य बहुधा तिथेच ठेवून यावं लागेल. लग्नसराईत तेवढे दिवस हाताशी नसतील तर गावातल्याच कारागिराकडे जा, मात्र ‘पॅड बदला’ म्हणू नका. ‘एफ वाजवतो, ई-चं पॅड किती उघडतंय बघा’ म्हणा, आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच एफ, सी आणि खालचा ई वाजवून घ्या.