कार्नूस्टी की रॉयल डॉर्नॉक? आठ जणांच्या ग्रुपने कुठे जावं

पुण्या-मुंबईचा गोल्फ खेळणाऱ्या आठ जणांचा ग्रुप, म्हणजे चौघाचौघांचे दोन फोरबॉल. हँडिकॅप (आकडा जितका कमी तितका खेळाडू तरबेज) आठपासून सव्वीसपर्यंत पसरलेले. आठवड्याची रजा, आणि स्कॉटलंडला जाऊन एक तरी अवघड लिंक्स, म्हणजे समुद्रकाठचा कोर्स, खेळायचाच हा हट्ट. असा बेत शिजायला लागला की पहिलं नाव निघतं सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं, आणि तेच मी आधी बाजूला ठेवीन. कोर्स सार्वजनिक आहे, कुणीही खेळू शकतं हे खरं. पण तिथल्या बऱ्याच टी टाइम (खेळ सुरू करण्याच्या ठरलेल्या वेळा) दोन दिवस आधी सोडत काढून दिल्या जातात आणि रविवारी कोर्स बंद असतो. सोडतीच्या एका अर्जात जास्तीत जास्त चार नावं. म्हणजे आठ जणांचे दोन अर्ज, आणि एका फोरबॉलचं नाव लागून दुसऱ्याचं राहण्याची पूर्ण शक्यता. परतीच्या विमानात चार जण खुशीत आणि चार जण फुगलेले नको असतील, तर ओल्ड कोर्स मिळाला तर बोनस, असं धरून चाला. सहल उभी करायची ती ज्याची वेळ आधी पक्की होते अशा कोर्सवर.

असे दोन कोर्स माझ्या मते एकमेकांसमोर ठेवण्यासारखे आहेत: अँगस किनाऱ्यावरचं कार्नूस्टी आणि उत्तरेला सदरलँडमधलं रॉयल डॉर्नॉक.

कार्नूस्टीचा दरारा ओपनमुळे, म्हणजे ब्रिटिश ओपन या मोठ्या स्पर्धेमुळे. १९५३ मध्ये बेन होगन आयुष्यात एकदाच ओपन खेळला, ती इथे, आणि जिंकून गेला. सहाव्या होलवर डावीकडे आउट ऑफ बाउंड्स (कोर्सची हद्द संपते) आणि फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. त्या दोन्हींमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात तो ड्राइव्ह टाकत होता, म्हणून त्या होलला आज होगन्स अ‍ॅली म्हणतात. तुम्ही तिथे होगन व्हायला जाऊ नका. बंकरच्या उजवीकडून सुरक्षित खेळलात तर पार (अपेक्षित फटके) पाचचा हा होल सहा-सातात सुटतो, आणि सव्वीस हँडिकॅपवाल्याला ते चालतं.

खरी परीक्षा शेवटच्या चार होलांची. सोळावा पार तीन असून मागच्या टीवरून (पहिला फटका मारायची जागा) जवळजवळ अडीचशे यार्ड. टॉम वॉटसनने १९७५ ची ओपन इथे जिंकली, पण प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा निर्णायक खेळ) धरून पाच फेऱ्यांत या होलवर त्याला एकदाही पार मिळाला नाही. सतराव्या-अठराव्यावर बॅरी बर्न हा ओढा वळसे घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. १९९९ मध्ये जाँ व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या टीवर उभा होता. तिथे त्याने सात मारले, ओढ्यात उतरून उभा राहिला तो फोटो जगभर गेला, आणि शेवटच्या दिवशी दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी प्लेऑफमध्ये जिंकला. २००७ ला पॅड्रिग हॅरिंग्टनने याच होलवर दोनदा चेंडू ओढ्यात घातला, तरी प्लेऑफ खेळून जिंकला. कार्नूस्टी म्हणजे हिशोब चोख ठेवणारा सावकार: चूक छोटी असो की मोठी, वसुली त्याच दिवशी. होलांची दिशाही सतत बदलते, त्यामुळे वारा आता तोंडावर, मग पाठीवर, मग कुशीत. एक क्लब ठरवून निवांत झालो असं इथे होत नाही.

डॉर्नॉकचा अवघडपणा वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त देखणा. इथे ओपन कधीच झाली नाही. कोर्स फार दूर आहे हे त्याचं एक कारण. एकोणिसाव्या शतकातला नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस याने तो आखला. अमेरिकेत पुढे शेकडो कोर्स आखणारा डोनाल्ड रॉस या गावात जन्मला आणि इथेच ग्रीनकीपर होता. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचं गुळगुळीत गवत, उंच ओट्यांवर, कडा घसरत्या. टीवरून जागा बऱ्यापैकी मिळते, पण ग्रीन चुकला की चेंडू उतारावरून खाली घरंगळतो आणि मग चिप करायची, की पुटरने वर ढकलायचा, की छोट्या आयर्नने पळवायचा, यावर फोरबॉलमध्ये चर्चासत्र भरतं. दुसरा होल पार तीन आहे, आणि कोर्सवरचा सर्वात अवघड फटका म्हणजे दुसऱ्या होलवरचा दुसरा, असं तिथे गमतीने म्हणतात. चौदाव्या फॉक्सीवर एकही बंकर नाही, तरी पार मिळवून दाखवा. पहिले आठ होल साधारण एका दिशेने जातात आणि नवव्यापासून समुद्र डाव्या हाताला ठेवून परत यायचं, त्यामुळे वारा अर्धा दिवस साथ देतो किंवा अर्धा दिवस छळतो. मे महिन्यात गॉर्सची झुडपं पिवळीधमक फुललेली असतात. आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी, हेही जमून येतं.

आता चालण्याचं. बग्गीची सवय असलेल्यांनी आधीच ठरवून टाकावं: लिंक्स पायीच खेळायचे असतात, बग्गी मिळालीच तर वैद्यकीय कारणासाठी. कार्नूस्टी बऱ्यापैकी सपाट आहे. डॉर्नॉकला सहाव्यानंतर एक चांगली चढण लागते, साठीपुढच्या गुडघ्यांना ती जाणवेल. कॅडीचंही तसंच. आपल्या क्लबमध्ये कॅडी गृहीत धरलेला असतो. तिथे आगाऊ सांगावं लागतं आणि पैसे वेगळे. प्रत्येकाला नाही तरी फोरबॉलमागे एक घ्याच. हँडिकॅपची मर्यादा आणि प्रमाणपत्र याबद्दल बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. फी दोन्हीकडे भारीच आहे, तिच्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

निवड खरी ठरते प्रवासावर आणि ग्रुपमधल्या सर्वात कच्च्या खेळाडूवर. कार्नूस्टीला एडिनबरोहून गाडीने दीड-पावणेदोन तास, गावात रेल्वे स्टेशन, आणि त्याच ठिकाणी बर्नसाइड आणि बडन हे आणखी दोन कोर्स. सकाळी चॅम्पियनशिप कोर्सने ज्याला सोलून काढलं, त्याला दुपारी बडनवर पुन्हा माणसात येता येतं. ज्या जोडीदारांना खेळायचं नाही त्यांना डंडी जवळ आहे: व्ही अँड ए संग्रहालय, कॅप्टन स्कॉटचं डिस्कव्हरी जहाज. टे नदीचा पूल ओलांडला की सेंट अँड्र्यूजही टप्प्यात, म्हणजे सोडतीचा अर्ज रोज टाकत राहता येतो. नाही लागला तर काही बिघडत नाही.

डॉर्नॉकसाठी इन्व्हर्नेसपर्यंत विमान किंवा रेल्वे आणि पुढे गाडीने तासभर. गाव छोटं, शांत. संध्याकाळी करायला फारसं काही नाही, पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि जेवणानंतर स्ट्रूई या दुसऱ्या कोर्सवर थोडं खेळून येण्याचा मोह टाळणं कठीण. शेजारी ब्रोरा आहे, जेम्स ब्रेडने आखलेला. तिथे वर्षानुवर्षं मेंढ्या फेअरवेवर चरायच्या आणि ग्रीनभोवती विजेचं कुंपण असायचं. परतीच्या वाटेवर इन्व्हर्नेसजवळ कॅसल स्टुअर्ट. जीव मिल्खा सिंगने २०१२ ची स्कॉटिश ओपन तिथेच जिंकली, प्लेऑफमध्ये फ्रान्चेस्को मोलिनारीला हरवून. तोच मोलिनारी २०१८ ला कार्नूस्टीवर ओपन जिंकला.

तर पहिलीच स्कॉटलंड सहल, हँडिकॅप सरमिसळ आणि सोबत न खेळणारी मंडळी असेल, तर कार्नूस्टी घ्या. पुढच्या टीवरून, स्टेबलफोर्डने (दर होलला वेगळे गुण देणारी पद्धत) खेळा, म्हणजे बॅरी बर्नमध्ये एका होलचं जे व्हायचं ते होऊन संपतं, कार्डभर पसरत नाही. ग्रुपमध्ये सगळेच अठराच्या आत असतील, कुणी आधी एकदा स्कॉटलंड खेळून आलं असेल आणि दिवसाला छत्तीस होल चालायची तयारी असेल, तर माझं मत डॉर्नॉकला. दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. मधल्या गाडीप्रवासात एक अख्खा दिवस जातो आणि तो आठही जणांच्या पाठीला लागतो. क्रम मात्र दोन्हीकडे एकच ठेवा: आधी आठ नावांनिशी लागोपाठच्या दोन टी टाइम पक्क्या करा, मग विमानाची तिकिटं काढा.