पहिला कॅटालिन रेडिओ: फाडा, इमर्सन की बेंडिक्स?

माझा मावसभाऊ सप्टेंबरात पुण्याहून न्यू जर्सीला येतोय. परवा रात्री त्याने तीन फोटो पाठवले, कॅटालिन नावाच्या रंगीत प्लास्टिकच्या जुन्या अमेरिकन टेबल रेडिओंचे. पहिल्यात पिवळाधम्मक, लाल मुठीचा फाडा 'बुलेट'. दुसऱ्यात लाल-पांढरा-निळा इमर्सन 'पॅट्रियट'. तिसऱ्यात हिरव्या संगमरवरातून कोरून काढल्यासारखा बेंडिक्स. खाली एकच ओळ: 'दादा, एकच घेता येणार आहे. कोणता?' फोनवर सांगायला बसलो तर तास गेला आणि निम्मं राहिलंच. म्हणून इथे लिहून काढतोय. असा प्रश्न पडलेले आणखीही कोणी असतील.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की या नादात आपण रेडिओ विकत घेत नाही, खोकं विकत घेतो. या तिन्हींच्या आत थोड्याफार फरकाने तीच अमेरिकन जुळणी असते: पाच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या), फक्त मीडियम वेव्ह. व्हॉल्व्हच्या तारा एकापुढे एक माळेसारख्या जोडलेल्या. बारा व्होल्टचे तीन, एक पस्तीसचा, एक पन्नासचा. बेरीज केली की १२१ येते, म्हणजे इथल्या भिंतीतल्या विजेच्या जवळपास. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचला आणि रेडिओ टेबलावर मावेल एवढा झाला. हे व्हॉल्व्ह अजून सहज मिळतात. कंडेन्सर वाळलेले असणारच, तेही थोड्या डॉलरांत बदलता येतात. आवाज येत नाही, घरघर येते, डायलचा दोरा तुटलाय, यातलं काहीही ऐकून माघार घेऊ नका. उलट भाव पाडायला ते बरं. कॅबिनेटला तडा असेल तर मात्र त्यावर इलाज नाही.

कॅबिनेटचं हे द्रव्य म्हणजे कॅटालिन. बेकेलाइटचं सख्खं भावंड, पण स्वभाव वेगळा. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट बनवलं. त्याचे कारखाने पर्थ ॲम्बॉय आणि बाउंड ब्रूकला होते, म्हणजे आमच्या एडिसन गावाच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक. बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा मिसळून गरम साच्यात दाबायचे, म्हणून ते काळं किंवा चॉकलेटी. कॅटालिनमध्ये भुसा नाही. पाकासारखं द्रव्य शिशाच्या साच्यात ओतायचं, भट्टीत कित्येक दिवस मंद आचेवर ठेवायचं, मग साच्यातून काढून हाताने घासायचं, भोकं पाडायची, चकाकी आणायची. दोन रंगांचा पाक अर्धवट ढवळून ओतला की त्या लाटा तशाच गोठतात. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्याला आतून मार्बलचा कागद असायचा ना, तसं. फक्त इथे नक्षी जाडीतून आरपार गेलेली असते. दोन रेडिओ हुबेहूब सारखे निघत नाहीत ते यामुळेच. आणि एवढी हातमेहनत परवडेना म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांत हा प्रकार बंद पडला. साच्यात झटपट दाबून निघणारं स्वस्त प्लास्टिक आलं.

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक पिवळा फाडा आहे. मागचा पुठ्ठा काढून आत मोबाइलची टॉर्च धरली की अख्खा रेडिओ मधाच्या पोळ्यासारखा आतून पेटतो. कडेला घट्ट पिवळा, मध्ये फिकट, आणि मध्येच साखरेच्या पाकात रेषा उमटाव्या तशा पांढुरक्या शिरा. बेकेलाइटमागे टॉर्च धरलीत तर काहीच दिसत नाही. दुकानदार 'कॅटालिन आहे' म्हणाला की आधी हेच करा. दुसरी खूण नाकाची: आतल्या बाजूला अंगठा जोरात घासून वास घ्या. जुन्या लाल लाइफबॉयचा कार्बोलिक वास आठवत असेल, तर त्याच कुळातला येतो.

आता एकेक घेऊ.

फाडा बुलेट न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतला. फ्रँक डी'अँड्रिया नावाच्या माणसाची कंपनी, त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून फाडा. युद्धाआधी हा ११५ नंबरने आला आणि युद्ध संपल्यावर १००० नंबरने. एक टोक गोळीसारखं गोल, त्यावर गोल डायल, दुसऱ्या बाजूला आडव्या पट्ट्यांची जाळी, वर मूठ. लांबी सुमारे दहा इंच. फोटोत खेळणं वाटतो, हातात घेतला की वजन कळतं. तिघांत हाच जास्त निघाला आणि हाच जास्त टिकला. म्हणून बाजारात निवड करायला वाव मिळतो, आणि पहिल्या खरेदीला ही फार मोठी सोय आहे. दहा फाडे पाहिलेत की अकराव्यात काय खोट आहे ते आपोआप दिसायला लागतं. पॅट्रियटच्या बाबतीत तुम्हाला दहा बघायलाच मिळणार नाहीत.

फाड्याच्या खोटीही ठरलेल्या. कॅटालिन वर्षानुवर्षं आकसत राहतं. आतला लोखंडी सांगाडा आकसत नाही. मग कॅबिनेट त्याच्यावर घट्ट बसतं आणि स्क्रूच्या भोकापासून केसासारखा तडा निघतो. सांगाडा बाहेर काढताना अडकत असेल तर ओढू नका, तो घेऊच नका. वरच्या बाजूला आतून बोट फिरवा. व्हॉल्व्हच्या बरोबर वर कॅबिनेटला उष्णतेने तपकिरी डाग किंवा बारीक भेगांचं जाळं असतं. आणि मूठ, बटणं, डायलभोवतीची कडी हे तुकडे आजकाल नवीन ओतून विकायला असतात. नव्या मुठीत पाप काही नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. ओळखायची कशी? अंगाचा आणि मुठीचा रंग अगदी वेगळा असेल तर ठरवता येत नाही, कारण ते मुळातही वेगळेच असत. पण ऐंशी वर्षं हाताळलेल्या मुठीच्या खालच्या बाजूला मळ आणि ओरखडे असतातच. खालूनही गुळगुळीत चकचकीत असेल तर नवी समजा.

आता रंगाची गंमत. ज्या बटरस्कॉच पिवळ्यावर आपण सगळे भाळतो, त्यातले बरेच रेडिओ दुकानातून बाहेर पडले तेव्हा जवळजवळ पांढरे होते. उजेडाने वरचा थर पिवळा पडला. निळे हिरवट झाले. त्यामुळे खरोखर निळा राहिलेला फाडा पिवळ्याच्या कितीतरी पट भावाने जातो. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नका. पिवळं अंग आणि लाल मूठ हीच जोडी घ्या. मेळ्यांत मी पाहतो तेव्हा धड कॅबिनेटचा पिवळा फाडा साधारण पाचशे ते नऊशे डॉलरांच्या दरम्यान सांगतात, आणि संध्याकाळी सामान गुंडाळायच्या वेळी थोडा खाली येतो.

इमर्सन पॅट्रियट १९४० चा, मॉडेल ४००. नॉर्मन बेल गेडिस या त्या काळच्या नावाजलेल्या डिझायनरचं काम. अमेरिकन झेंड्याचे तीन रंग, पट्ट्यांची जाळी, बटणांवर तारे. हेच कॅबिनेट इतर रंगांत 'ॲरिस्टोक्रॅट' नावाने विकलं जाई. दिसायला तिघांत सर्वांत देखणा, यात वाद नाही. पण विचार करा: ज्याची सगळी मजा लाल-पांढरा-निळा या तिहेरी रंगात आहे, त्याचा पांढरा पिवळा पडलाय आणि निळा काळपट. म्हणजे तुम्ही पैसे मोजताय एका झेंड्याचे आणि घरी येतोय उन्हात विटलेला पडदा. ज्याचे रंग टिकलेत त्याचा भाव ऐकून मी तरी दोनदा पाणी प्यायलोय. अमेरिकेचा इतिहास हा ज्यांचा विषय आहे त्यांनी जरूर घ्यावा. पुण्यातल्या बैठकीच्या खोलीत तो थोडा पाहुण्यासारखाच बसेल, असं माझं मत.

बेंडिक्स ५२६सी, १९४६ चा. बेंडिक्स ही मुळात विमानांची उपकरणं बनवणारी कंपनी, तिचा रेडिओ विभाग बाल्टिमोरला. हिरव्या कॅटालिनमध्ये फिकट लाटा आणि त्याला काळी जोड. 'मार्बल' या शब्दाला तिघांत खरा जागतो तो हाच; फाडा पिवळ्या रंगात बराचसा एकसंध दिसतो. शिवाय हिरवा रंग म्हातारपण अंगावर झेलतो. पिवळेपणा चढला तरी तो ऑलिव्हकडे झुकतो, विटल्यासारखा दिसत नाही. मग मी हाच का सुचवत नाही? आकारामुळे. फाड्याची ती झेप याच्यात नाही. लांबून बघितलं तर हिरवा डबा, जवळ गेलं तर मात्र नजर निघत नाही. ज्यांना लांबून पाहायचं त्यांना फाडा, ज्यांना टेबलापाशी बसून लाटा मोजायच्यात त्यांना बेंडिक्स.

टोरांटोचा ॲडिसन या यादीत का नाही, असं कोणी विचारेलच. सुरेख आहे, पण जाळीचे दांडे नाजूक आणि न तुटलेला मिळणं मुश्कील. दुसऱ्या खरेदीला बघू.

खिशात दोनशेच डॉलर असतील तर 'बीटल' शोधा. हे युरिया-फॉर्माल्डिहाइडचं प्लास्टिक. पांढऱ्या अंगात रंगाचे धागे विरघळल्यासारखे. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या कंपनीचे छोटे कॅडेट रेडिओ यात निघाले. पिवळं पडण्याचा त्रास कमी, पण अंगावर चहाच्या जुन्या कपासारख्या केसाएवढ्या चिरा येतात आणि त्यात मळ बसून त्या तपकिरी होतात. पाच-सात चिरा चालतील, कोपऱ्यातून निघालेली नको. आणि ज्यांना फक्त जुना रेडिओ ऐकायचाय त्यांनी साधा चॉकलेटी बेकेलाइट पन्नास डॉलरात घ्यावा. आवाज तोच.

घासून पांढरा करावा का, हा या छंदातला घरोघरचा वाद. पिवळा थर कागदाएवढा पातळ असतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला की खालचा मूळ रंग वर येतो, तो आनंद मी एकदा घेतला आहे. पण एकदा काढलेला थर परत लावता येत नाही आणि नवा पांढरा उजेडात पुन्हा पिवळा व्हायला लागतोच. मी आता फक्त मऊ फडक्याने पॉलिश करतो. फडकं पिवळं झालं की थांबतो.

माझ्या हातून झालेला घोटाळाही सांगून टाकतो. पहिला फाडा घरी आला त्या दिवाळीत पाहुण्यांना दाखवायच्या हौसेने सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवला. हे पाच व्हॉल्व्ह मिळून तीसेक वॅट खातात आणि जवळपास सगळ्याची उष्णता होते. दुसऱ्या दिवशी पुसताना वरच्या बाजूला नखाला काहीतरी लागलं. दीड इंच तडा. हात लावल्याशिवाय दिसत नाही, पण मला दिसतो. तेव्हापासून एक तास, मग बंद.

आता पुण्याचं गणित. तिथे २३० व्होल्ट. असा रेडिओ थेट लावलात तर व्हॉल्व्हची अख्खी माळ क्षणात गेली. ११० व्होल्टला उतरवणारा, शंभर वॅटचा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तोही दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा, म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर; एकाच गुंडाळीचा ऑटो ट्रान्सफॉर्मर नव्हे. कारण या रेडिओंत आतला सांगाडाच विजेला जोडलेला असतो. प्लग उलटा गेला की सांगाड्यात करंट. बटण निघून नुसता दांडा उघडा राहिला असेल आणि त्याला हात लागला, तर शॉक रेडिओच्या वयाचा विचार करत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने हा धोका जातो. घरात लहान मुलं असतील तर याबाबत काटकसर नाही.

डायलवर ५५ ते १६० आकडे असतात, शेवटचं शून्य गाळलेलं. पुणे आकाशवाणीचं ७९२ ऐंशीच्या किंचित अलीकडे लागेल. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद केल्याशिवाय नुसती खरखर, हे मात्र इथेही तसंच आहे. ठेवायची जागा: खिडकीसमोर नाही, टीव्हीवरच्या फळीत नाही, बंद काचेच्या कपाटात चालू करून तर अजिबात नाही.

भावाला कळवलं आहे की फाडा घे, पिवळा-लाल, आणि विकत घेशील तो हातात घेऊन. नेटवरून मागवलेले दोन कॅटालिन माझ्याकडे तुकड्यांत आलेत. पोत्यासारखे फेकले की ते काचेसारखे फुटतात. सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियात कुट्झटाउनला रेनिंगर्सच्या बाजारात जुन्या रेडिओंचा मेळा भरतो, तिथे आपण पहाटेच निघू. टॉर्च मी घेतो. पुण्याला परतताना ट्रान्सफॉर्मर मोठ्या बॅगेत टाक, आणि रेडिओ तुझ्या मांडीवर.