एन-२० गिअर मोटर लेगोच्या मॉडेलसाठी: घ्याच, पण कपलर आणि बैठक नीट करा

हा रिव्ह्यू एन-२० मेटल गिअर मोटरचा आहे, ६ व्होल्ट १०० आरपीएमवाली, म्हणजे मिनिटाला १०० फेरे. ही लेगोची मोटर नाही, इंजिनिअरिंगची पोरं लाइन फॉलोअर रोबोला लावतात ना ती, बोटाच्या पेराएवढी, पुढं पितळी गिअरचा उघडा डबा आणि त्यातून बाहेर आलेला ३ मिमीचा एका बाजूनं चपटा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा. कुठून घेता त्यावर भाव, दीडशेपासून तीनशेपर्यंत धरून चाला.

मी घेतली ती जायकवाडीच्या दरवाजांसाठी. पैठणच्या धरणाला २७ दरवाजे, पावसाळ्यात पाणी वाढलं की आपल्याकडं रोज बातमी असते एवढे दरवाजे अर्धा फुटानं उचलले, एवढे दीड फुटानं, आणि पुतणीचा प्रश्न एकच, ते उचलतात कसं? तो दरवाजा शटरसारखा सरळ वर जात नाही, पुढून वक्र असतो, मागं दोन हात असतात आणि त्या हातांच्या टोकाच्या पिनभोवती फिरत फिरत तो वर जातो. हे तोंडी सांगून समजंना म्हणून लेगोत तीन दरवाजे करायला घेतले, प्रत्येकाला वेगळी मोटर, कारण बातमीतल्यासारखं एक बंद एक अर्धा एक पूर्ण असं तिला करायचं होतं.

आता अशा कामाला स्पीड काहीच कामाचा नाही. दरवाजा हळू उठला पाहिजे, मध्येच थांबवला तर तिथंच राहिला पाहिजे, आणि तीन मोटरी शेजारी शेजारी कमी जागेत बसल्या पाहिजेत. लेगोची जुनी पॉवर फंक्शन्सची एम मोटर ९ व्होल्टवर मोकळी साधारण ४०० आरपीएम फिरते, एक्सएल २२० च्या आसपास. मोटरी उत्तम आहेत, त्याबद्दल वादच नाही, लेगोचा एक्सल (क्रॉस आकाराचा दांडा) डायरेक्ट आत जातो, कपलरबिपलरचा, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या नळीचा, कुटाणा नाही. पण ती सिस्टिम २००७ ची, २०१८ पासून पॉवर्ड अप ही नवी सिस्टिम आली आणि तिचा प्लगच वेगळा, जुन्या मोटरी आता सेकंडहँडच बघायच्या, आणि नवीन घ्यायचं म्हणलं तर मोटर, हब (बॅटरीचा डबा), वरून ते चालवायला मोबाइलचं ॲप नाहीतर रिमोट, हिशोब हजारांत जातो. तीन दरवाजांना तीन स्विच एवढंच पाहिजे असताना एवढा खर्च कशाला करायचा?

दुसरा पर्याय म्हणजे ती पिवळी बीओ मोटर, शंभराच्या आत मिळते, शाळेच्या प्रोजेक्टला सगळे तीच लावतात. गाडी पळवायला ठीक आहे, पण आत प्लॅस्टिकचे गिअर, अंगानं लांबट, शाफ्ट ढिला. दरवाजा उचलताना तो हलका झटका देत वर जातो, ते बघायला बरं वाटत नाही. लेगोत तर ती बसवायचीच म्हणलं तर आजूबाजूचं अर्धं मॉडेल तिच्यासाठी मोडावं लागतं.

एन-२० चा खरा फायदा हा आहे की गिअरिंगचं मोठं काम तिच्या डब्यात आधीच झालेलं असतं. नुसती छोटी डीसी मोटर मिनिटाला हजारोंनी फेरे मारते, तिथून खाली यायला लेगोचेच गिअर लावायचे म्हणलं तर ८ दातांच्या गिअरवरून २४ चा गिअर म्हणजे तीनपट, ८ वरून ४० म्हणजे पाचपट, असे एकावर एक जोड लावत जावं लागतं आणि प्रत्येक जोडीला एक्सल भोकात घासून ताकद खाणार, मॉडेलभर गिअरच गिअर. लेगोच्या गिअरचा हिशोब मात्र मला लई आवडतो, दातांचा आकडा निम्मा केला की मिमीमध्ये त्रिज्या, म्हणजे ८ चा ४ मिमी, २४ चा १२, दोन्ही मिळून १६ मिमी, आणि लेगोचे दोन स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) म्हणजे बरोबर १६ मिमी. ८ आणि ४० घेतले तर २४ मिमी, तीन स्टड. भोकं मोजून गिअर लावले की दातात दात बसलेच पाहिजेत. ही मजा घालवायची नसेल तर शेवटची एक पायरी लेगोत ठेवा आणि आधीचं सगळं एन-२० ला करू द्या.

बसवायचं कसं, इथंच लोकं फेविक्विक काढतात. काढू नका. एन-२० ची रुंदी १२ मिमी, उंची १० मिमी. लेगोची वीट ९.६ मिमी उंच, म्हणून वाटतं बसतच नाही. पण टेक्निक विटेचं, म्हणजे बाजूला भोकं असलेल्या विटेचं, भोक विटेच्या बुडापासून ५.८ मिमीवर असतं आणि एन-२० चा शाफ्ट तिच्या बुडापासून ५ मिमीवर. फरक ०.८ चा. जुन्या बंद पडलेल्या एटीएम कार्डाची जाडी किती असते? ०.७६ मिमी. कार्डाची एक पट्टी कापून मोटरखाली ठेवली की शाफ्ट आणि भोक एका रेषेत येतात, लाइट लावून बघा पाहिजे तर. फक्त मोटरखाली स्टडवाली प्लेट नको, गुळगुळीत टाइल पाहिजे, दोन्हीची जाडी ३.२ मिमीच असते त्यामुळं लेव्हल बदलत नाही. दोन्ही बाजूंना दोन स्टडच्या जागेत दोन-दोन मिमी फट राहते, तिथंही त्याच कार्डाच्या दोन-दोन पट्ट्या आणि थोडी टेप, आणि वरून चार प्लेटांच्या उंचीवर झाकण घालून त्याखालची फटही तशीच भरली की मोटर हलत नाही, आणि उद्या काढायची म्हणलं तर एकही वीट खराब झालेली नसते.

थ्रीडी प्रिंटेड होल्डर ऑनलाइन मिळतात, तेही चांगले आहेत, फक्त कशाचे छापलेत ते विचारून घ्या. पीएलए हे छपाईचं प्लॅस्टिक साधारण ६० डिग्रीला मऊ पडायला लागतं, आणि मे महिन्यात परभणीत नाहीतर नांदेडात बंद कारमध्ये ठेवलेलं मॉडेल किती तापतंय हे आपल्याला सांगायला नको. मी मागवलेला एक होल्डर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिला आणि वाकडा झाला, मोटर बसंना त्यात. विकणाऱ्यानं मटेरिअल कुठंच लिहिलेलं नव्हतं. पीईटीजीचा मागा, तो ८० च्या आसपास जातो.

आता कपलर. ३ मिमीचा चपटा गोल शाफ्ट आणि लेगोचा क्रॉस एक्सल, हे दोघं एकमेकांना जोडणं हाच या मोटरचा सगळ्यात मोठा त्रास आहे आणि यासाठीच मी एक स्टार कापतोय. रेडीमेड पितळी कपलर मिळतो, एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला ५ मिमीचं भोक, लेगोचा एक्सल आडवा साधारण ४.८ मिमी असतो त्यामुळं ५ च्या भोकात जातो, किंचित ढिला राहतो. ग्रब स्क्रू (कपलरच्या बाजूचे बिनडोक्याचे स्क्रू) आवळताना एक गोष्ट बघायची, मोटरकडचा स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच टेकला पाहिजे आणि लेगोकडचा स्क्रू क्रॉसच्या दोन हातांच्या मधल्या खाचेत. हाताच्या टोकावर टेकला तर एक्सल चेपतो आणि लोड आला की घसरतो. रेडीमेड कपलर लांब पण असतो, दोन-अडीच स्टड खातो, म्हणून मी वाळूजला एका लेथवाल्याकडं गेलो. त्यांचं रोजचं काम कंपनीचे पार्ट टर्न करायचं, पण मॉडेलचा फोटो दाखवल्यावर मामा म्हणले, "हे जायकवाडी करायलास का तू? आण इकडं, बाहेरून ८ करतो, लांबी १६, एका बाजूला ३ चं भोक, दुसरीकडं ४.९." पितळेचा तुकडा त्यांच्याकडचाच होता. असा कपलर बसला की शाफ्ट अजिबात डुलत नाही, आणि ज्यांच्या गावात एमआयडीसी आहे, जालना म्हणा लातूर म्हणा, त्यांनी ऑनलाइन शोधत बसण्यापेक्षा लेथवाल्याला विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे. मापं लिहून न्या, मोटर आणि एक एक्सल सोबत न्या.

कपलरच्या पुढं लेगोचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा) आणि त्याला २४ दातांचा गिअर. वर्म एक फेरा फिरला की समोरचा गिअर एकच दात सरकतो, म्हणजे १०० आरपीएमचे साधारण ४ होतात. ज्या एक्सलवर दोरी गुंडाळायची त्यावर लेगोचा बुश, म्हणजे एक्सलवर बसणारी छोटी नळी, त्याचा घेर बावीसेक मिमी, म्हणून दरवाजा मिनिटाला नऊ सेंटीमीटरच्या हिशोबानं उचलला जातो. पाच सेंटीमीटर उचलायला अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. बघत राहावं असा वेग आहे हा. आणि वर्मचा दुसरा गुण, तो उलटा फिरत नाही. स्विच सोडला की दरवाजा आहे तिथंच थांबतो, करंट द्यावा लागत नाही, वजन एन-२० च्या बारीक पितळी दातांवर येतच नाही. घासून ताकद बरीच वाया जाते हे खरं, पण हळू कामात ती आपल्याकडं शिल्लक असते. सिलिकॉन ग्रीस किंचित लावा, पेट्रोलियमवाले स्प्रे विटांजवळ मारू नका, विटांच्या एबीएस प्लॅस्टिकला ते चालत नाहीत.

वर्म लावला की तो लोडखाली आपल्याच एक्सलला पुढं-मागं ढकलतो, हे कुणी सांगत नाही. तो धक्का कपलरमधून सरळ मोटरच्या गिअरडब्यात जातो आणि महिनाभरात कटकट आवाज यायला लागतो. वर्मच्या दोन्ही बाजूंना बुश घालून ते टेक्निक विटांना टेकवा, म्हणजे धक्का विटा घेतील. आणि साध्या २४ च्या जागी लेगोचा पांढरा क्लच गिअर मिळाला तर तोच लावा, त्यावर २.५ ते ५ न्यूटन सेंटीमीटर असं छापलेलं असतं, म्हणजे आपल्या बुशवर दोरीला साधारण ७०० ग्रॅमच्या वर ओढ आली की तो घसरू शकतो. दरवाजा अडकला, लेकरानं स्विच सोडला नाही, तरी मोटर वाचते.

करंटची बाजू सोपी आहे. चार एए सेल, सहा पायांचा मध्ये बंद होणारा डीपीडीटी स्विच, झालं, सुलटं-उलटं-बंद. दरवाजा पूर्ण वर गेला की आपोआप थांबायला पाहिजे असेल तर वर एक लिमिट स्विच (दरवाजा टेकला की दबणारा) लावा, त्याचा नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दबेपर्यंत जोडलेला, संपर्क मोटरच्या वायरमध्ये घ्या आणि त्याच स्विचवर एक १एन४००७ डायोड (एकाच दिशेनं करंट सोडणारा) आडवा टाका. वर जाताना स्विच दबला की करंट तुटतो, खाली यायचं म्हणलं की करंट डायोडमधून येतो. डायोड उलटा लागला असेल तर मोटर थांबणारच नाही, मग पलटून लावा. मोटरच्या दोन टाचण्या लई नाजूक, सोल्डर पटकन करा, जास्त वेळ तापवलं तर मागचं प्लॅस्टिक बसतं, आणि वायरीवर हॉट ग्लूचा थेंब टाका नाहीतर ओढ बसली की टाचणीच तुटून हातात येते. अर्डुइनोनं, म्हणजे प्रोग्रॅम टाकायच्या छोट्या बोर्डानं, चालवणार असाल तर एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट) टाळा, तो स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो, ६ मधून राहतंय काय? डीआरव्ही८८३३ घ्या, आणि मोटरच्या पायांवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर.

खरेदी करताना एक सांभाळा. आरपीएमच्या शेजारी व्होल्ट लिहिलेले नसतील तर घेऊ नका. १२ व्होल्टला १०० फिरणारी मोटर ६ ला पन्नासच्या आसपास फिरते, आणि एकसारख्या दिसणाऱ्या मोटरींचे स्टिकर बदललेले असतात. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १०० म्हणून आली ती ३०० च्या घरातली निघाली, परत केली, पैसे आले पण वेळ गेला. शाफ्टला कागदाचा झेंडा चिकटवा, १५ सेकंद फेरे मोजा, चारनं गुणा, पाकीट फेकायच्या आधी हे करून घ्या. लेगोचा ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स असेल तर ६ व्होल्टची नको, ती दीडपट पळते, तापते, ब्रश लवकर झिजतात. १२ ची घ्या, ७५ च्या आसपास फिरेल आणि थंड राहील.

पाचपैकी चार. क्रेन, धरणाचा दरवाजा, रेल्वे फाटक, पंचक्कीचं जातं, जे काही हळू आणि जोर लावून हलवायचंय त्याला या भावात याच्यापेक्षा चांगलं काही मला दिसत नाही. पळणारी गाडी करायची असेल तर हिच्या ५०० आरपीएमच्या भावाकडं बघा, आणि सोल्डरिंग गन घरात नसेल, लेथवाला जवळ नसेल, तर सेकंडहँड एम मोटर शोधा, पैसे जातील पण एक्सल सरळ आत जाईल. आमच्याकडं तिन्ही दरवाजे चालू आहेत, चौथ्याचा कपलर टाकलाय मामांकडं.